अर्ध्या तासाचं काम

डॉक्टर,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. दवाखान्याच्या दारात तुमचा फोटो लावलाय आणि येणारा प्रत्येक जण हात जोडून म्हणतो, "देवमाणूस गेला." मी शेजारी उभी असते, मान हलवते. आठ वर्षं तुमच्या हाताखाली काढल्यावर तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. तुम्ही दुष्ट होतात. तोंडानं तर होतातच, मनानं कितपत ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि तुमच्याइतका हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

त्या मंगळवारी सकाळी हात धुता धुता तुम्ही बेसिनला धरून खाली बसलात, ते उठलाच नाहीत. बाहेरची बाकं गच्च भरलेली. मी दार उघडून सांगितलं, "डॉक्टर गेले." इंदापूरकडची एक म्हातारी म्हणाली, "कुठं गेलं? मंग आमी थांबू, का उद्या येऊ?" मला आधी हसू फुटलं आणि मग रडू. तुम्ही असतात तर नुसते हसला असतात.

परवा शोकसभेत सगळे तुमच्याविषयी बोलले. तुमची शाळा, तुमच्या पदव्या, बारामतीत पोटात घालायची पहिली दुर्बीण कशी आणलीत, सगळं सांगून झालं. मला बोलायला सांगितलं तर मी नाही म्हणाले. माझं बोलणं तुमच्याशी आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही शेवटचा शब्द बोलून मोकळे झालात.

मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? लोणी भापकरहून एस.टी.नं आले होते, छातीशी सर्टिफिकेटांची पिशवी धरून. नर्सिंगचा कोर्स नुकताच झालेला. तुम्ही पिशवीला हात लावला नाहीत. सायकलच्या ट्यूबचा एक हातभर तुकडा टेबलावर टाकलात. आत एक उघडी सेफ्टी पिन होती, टोक माझ्याकडं. हातात लांब चिमटा दिलात आणि म्हणालात, "काढ."

मी पिन धरून ओढली. ट्यूब फाटली.

"मेला," तुम्ही म्हणालात. "पुढचा पेशंट."

तुम्ही दुसरा तुकडा दिलात. तोही फाटला. "हाही मेला." दारात दोन सिस्टर उभ्या राहून बघत होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाच मेले. सहाव्याला मी ओढायचं सोडून दिलं. पिन आत ढकलली, ट्यूबच्या पलीकडच्या तोंडाबाहेर नेली, तिथं फिरवली, गोल बाजूनं धरली आणि ट्यूबमधून हळूच माघारी घेतली. टोक मागनं घसटत आलं. ट्यूबला ओरखडा नव्हता.

"पाच खून करून शिकलीस," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून ये."

अन्ननलिका अरुंद, पोट ऐसपैस, तेव्हा अडलेली वस्तू आधी मोकळ्या जागेत न्यायची, तिथं वळवायची, आणि टोक नेहमी मागं ठेवायचं. एवढी एक गोष्ट तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलीत. बाकी आठ वर्षं हात शांत ठेवायला शिकण्यात गेली. आपल्या दुर्बिणीला पडदा नव्हता. एका भिंगाला डोळा लावून तुम्ही एकटेच आतलं बघायचात आणि मी चिमट्याची मूठ धरून तुमच्या शब्दावर चालायची. उघड. मीट. थांब. क्षणभर आधी मिटला की तुमचा कोपर माझ्या बरगडीत बसायचा. ती बरगडी अजून दुखते असं मी आईला सांगायची. ते खोटं होतं, पण तुमच्याविषयी काहीतरी वाईट सांगायला मला बरं वाटायचं.

आणि ती वजडी. सरावाला बोकडाचं पोट लागायचं. मटणाच्या दुकानातून कोण आणणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या स्टाफसमोर तुम्ही म्हणालात, "रत्ना आणेल. त्यांच्यात चालतं."

मी आणली. माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, त्या दिवसापासून गावची मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, दोन वर्षं उपाशी काढली. आणि त्यांची नात भर बारामतीतून, हातात ठिबकणारी पिशवी घेऊन, साहेबांच्या हुकमावरून चालली होती. मी दोन वर्षं आणत राहिले. मग एक दिवस तुम्हाला विचारलं, "सर, तुमच्यात चालत नाही?"

"चालतं की. पण हातात घेऊन यायला लाज वाटते."

"मलाही वाटते."

"बरं," म्हणालात. पुढच्या खेपेला पिशवी तुम्ही स्वतः घेऊन आलात आणि सिंकमध्ये आपटलीत. त्या गोष्टीवर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्हाला चुकलं म्हणता येत नव्हतं. तोंडाची ती एक जागा तुमच्यात घडलीच नव्हती.

पण काम! सणसरचे तात्या आले होते, लग्नाच्या पंगतीत कवळीचा तुकडा गिळून. त्याला तारेचा आकडा होता. तीन मुलं, तीन सुना, सगळं वऱ्हाडच दवाखान्यात. पुण्याला न्यायचं ठरत होतं, तिथं छाती उघडावी लागली असती. तुम्ही रबरी हातमोज्याचा तुकडा कापून दुर्बिणीच्या टोकाला झालरीसारखा बांधलात, आकडा त्या रबराच्या आत ओढून घेतलात आणि कवळी अलगद बाहेर आली. थेंबभर रक्त नाही. तात्या डोळे पुसत पाया पडायला वाकले, तर तुम्ही म्हणालात, "तात्या, पुढच्या लग्नाला दात घरी ठेवून जा. तसेही कुणी तुम्हाला बघायला येत नाही." सुना हसल्या. तात्यांचं तोंड बारीक झालं. कवळी हातात धरून म्हातारा भिंतीकडं बघत बसला. तो गेल्यावर मी म्हटलं, "एवढं बोलायची गरज होती का?" तर म्हणालात, "जिवंत आहे ना? मग लागू दे थोडं."

हे सगळं मी गिळलं असतं. आपलं भांडण मंगलवरून आहे.

निमगाव केतकीची मंगल. बावीस-तेवीसची असेल. नवरा आणि सासू जीपमधून घेऊन आले होते. सासू सांगत होती, "साडीला पिना लावत हुती. तोंडात धरल्या हुत्या. शिंक आली आन् ग्येल्या पोटात."

तुम्ही एक्स-रे खिडकीपाशी धरलात. चार पिना होत्या, तीन उघड्या.

"चार शिंका आल्या का?" तुम्ही विचारलंत.

सासूनं लेकाकडं बघितलं. नवऱ्यानं खाली बघितलं. मंगल मात्र तुमच्याकडं टक लावून बघत होती, जत्रेत आल्यासारखी.

कपडे बदलायला मी तिला आत नेलं. पाठीवर दोरीचे वळ होते, जुन्यांवर नवे. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "ताई, पोट कुटनं फाडत्यात?"

"फाडत नाहीत गं. तोंडातून नळी घालतात आणि काढतात. संध्याकाळी घरी."

"फाडत न्हाईत?"

"नाही. घाबरू नकोस."

ती रडायला लागली. मला वाटलं, जीव भांड्यात पडला म्हणून रडतेय. मी तिच्या घशात औषध फवारलं, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं बसवलं, डाव्या कुशीवर वळवली, तिचं डोकं धरायला एका सिस्टरला उभं केलं आणि चिमट्याची मूठ घेतली. तुम्ही डोळा लावलात. उघड. मीट. पहिली पिन ट्रेमध्ये वाजली. मग दुसरी. तिसऱ्या पिनेला वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत तुम्ही त्या अंधारात दुर्बीण तशीच धरून उभे होतात, हात दगडासारखा. मी एका हातानं मूठ मिटून धरली आणि दुसऱ्यानं तुमच्या कपाळावरचा घाम टिपला. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मीही तुम्हाला देव म्हटलं असतं. अर्ध्या तासात चारही पिना बाहेर.

नंतर ती कॉटवर झोपली. दोन तास हललीसुद्धा नाही. जागी झाली तेव्हा मी पाणी दिलं, तर हळूच म्हणाली, "आमच्या शेजारच्या सखूचं अपेंडिक काढलं. धा दिस दवाखान्यात हुती. मंग दीड म्हैना म्हायेरी. डाक्टरनं लिवून दिलं हुतं, वजन उचलायचं न्हाय म्हणून. कुणी हात लावला न्हाय तिला."

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर ग्लास तिथंच ठेवला. मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही चारही पिना टेबलावर ओळीनं मांडून बघत होतात, खुशीत होतात.

"सर, दोन दिवस ठेवू या तिला."

"का? पोटात काही राहिलंय?"

"नाही. पण ती मुद्दाम..."

"ते मला एक्स-रे बघूनच कळलं."

"मग?"

"मग काय? मी पोटातलं काढतो, रत्ना. सासरातलं काढत नाही. कॉट मोकळी कर."

पाचच्या सुमाराला ती जीपमध्ये चढली. नवऱ्यानं तिला हात धरून वर घेतलं, चांगला नवरा घेतो तसं.

चार-पाच महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, ती परत आली. पोटात दोन पिना आणि एक सुई. आता मी काय केलं तेही लिहिते, कारण तुमच्या पापात माझंही थोडं आहे. सगळं कळत असताना, तुम्ही शेजारी उभे होतात म्हणून, तुमच्या आवाजात मी तिला म्हणाले, "परत आलीस? लाज वाटत नाही का गं?" तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. घरचंच कुणी बोलल्यासारखं तिनं ते ऐकून घेतलं.

त्या दिवशी सुई त्रास देत होती. मंगलला उबळ आली, दातांमधलं कडं निसटलं आणि तुमच्या बोटावर तिचे दात बसले. सगळं काढून झाल्यावर, बोटाला पट्टी बांधत, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर तुम्ही तिला म्हणालात, "पुन्हा गिळलंस तर दुर्बीण लावणार नाही. सरळ पोट फाडीन."

"ऐकलं का?" सासू म्हणाली.

तुम्ही वळून हात धुवायला गेला होतात. तुम्ही तिचा चेहरा बघितला नाहीत, मी बघितला. गुंगी अजून पुरती उतरली नव्हती, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता, डॉक्टर. परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा.

त्याच संध्याकाळी ती घरी गेली. मी तुम्हाला काही बोलले नाही. मागच्या खेपेला बोलून काय झालं होतं? शिवाय मला तुमचा राग आला होता. स्वतःचाही आला होता, पण तुमचा सोपा होता. आठवडा गेला, मग एकदा सामान लावताना मी म्हणाले, "सर, तुम्ही फाडीन म्हणालात ना, तेव्हा ती पोरगी खूश झाली. ती पुन्हा गिळणार."

"तू नर्स आहेस," तुम्ही म्हणालात, "ज्योतिषी नाहीस."

ऊस तुटायच्या दिवसांत ती तिसऱ्यांदा आली. ह्या वेळी दाभण होतं, पोती शिवायचं. वीतभर नसेल, पण पोटाच्या पुढच्या वळणातून सरकेल असंही नव्हतं. गिळून तीन दिवस झाले होते. मी पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. अंगात ताप फणफणत होता, ओठ काळे पडले होते.

तुम्ही नवऱ्याला व्हरांड्यात गाठलंत. इतकं हळू बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. "तीन दिवस काय करत होतास?"

त्यानं खरंच न कळून तुमच्याकडं बघितलं. "सायेब, तुमी काढताच की. अर्ध्या तासाचं काम. टोळी आली हुती ऊस तोडायला, रान सोडून कसं यायचं? म्हटलं, निवांत नेऊ."

तुम्ही हात धुवायला वळलात. त्या माणसाला तुमच्या हाताची एवढी खात्री वाटत होती.

ते पोट तुम्ही फाडलंत. दाभण पार झालं होतं, आत सगळा पू होता. अडीच तास लागले. तुमचा हात नेहमीसारखाच हलका होता. मी समोर उभी होते, पाणी घालत, पुसत, आणि मला वाटत होतं की तुम्ही एकदा तरी वर बघावं. तुम्ही बघितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली. पहिलं वाक्य: "फाडलं का?"

"व्हय," मी म्हणाले.

"टाकं किती?"

"चौदा."

"मंग धा दिस तरी?"

"जास्तच."

तिनं डोळे मिटले आणि झोपली. तशी झोप मी त्या वॉर्डात दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. पळसदेवकडून तिची आई आली. आईनं तिचे केस विंचरले, उवा काढल्या, चमच्यानं पेज भरवली. चौथ्या-पाचव्या दिवशी तर दोघी हसत होत्या, कुणाच्यातरी लग्नातली गंमत आठवून. जखमेला हात लावून मंगल म्हणाली, "अयो, हसवू नगं, टाकं तुटतील." तुम्ही राउंडला आलात, कागद बघितलात, तिच्याकडं बघितलं नाहीत. ती मात्र म्हणाली, "सायेब, तुमी लई चांगलं फाडलं."

नवव्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. आई तिचा पाय दाबत होती, तिला कितीतरी वेळ कळलंच नाही. तुम्ही आलात, नाडी बघितलीत आणि त्या बाईला म्हणालात, "उशिरा आणलं," आणि गेलात. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. सासूनं सांगितलं, पोती शिवताना दाभण दातात धरलं होतं. तुमच्या कागदावर तुम्ही लिहिलंत, नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार चुकून गिळले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून पुढं झाले नाही.

संध्याकाळी तुम्ही मला खोलीत बोलावलंत. दार लावलंत.

"ती खूश झाली, हे मला तू कधी सांगितलंस?"

"आठवड्यानं."

"त्याच दिवशी का नाही?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"त्या दिवशी ती इथंच होती," तुम्ही म्हणालात. "पाच वाजेपर्यंत इथं होती. तेव्हा सांगितलं असतंस तर मी तिला जाऊ दिलं नसतं."

तुमचं ते वाक्य. त्याला आता तीन वर्षं होतील. एकही आठवडा असा गेला नाही की मी त्याच्याशी भांडले नाही. पहिल्या वेळी मी सांगितलं होतं की! त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगितलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, कॉट मोकळी कर. मग दुसऱ्या वेळी तुम्ही ऐकलं असतं हे मी कशावरून मानायचं? का ते ओझं एकट्याला पेलवेना म्हणून तुम्ही अर्धं माझ्या डोक्यावर ठेवलंत? का ते खरंच होतं, आणि माझ्या रुसव्यापायी एक पोरगी मेली? मला हे तुम्हाला विचारायचं होतं. रोज सकाळी विचारायचं ठरवून मी यायची, आणि तुम्ही म्हणायचात, "रत्ना, हातमोजे." आणि मी हातमोजे द्यायची.

नंतर काय झालं तेही मला लिहिलं पाहिजे. नाहीतर मी तुमच्याइतकीच दुष्ट ठरेन.

दोनेक महिन्यांनी भिगवणकडची एक बाई आली. एकच पिन होती, तीही मिटलेली. दहा मिनिटांत निघाली. मी तिला घरी सोडायची तयारी करायला लागले, तेवढ्यात तुम्ही बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलंत, "आत जखम आहे. आठ दिवस हलवायचं नाही. नंतर महिनाभर वजन उचलायचं नाही. माहेरी पाठवा."

मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. आत जखम नव्हती. तुम्ही दुर्बीण बाहेर काढताना "साफ आहे" असं स्वतःच पुटपुटला होतात.

"काय बघतेस?" तुम्ही खेकसलात. "कॉट लाव."

त्यानंतर अशा आठ-नऊ जणी झाल्या. पिन गिळलेल्या, पैंजणाचा आकडा गिळलेली, एकीनं तर काहीच गिळलं नव्हतं, नुसतंच सांगितलं होतं. तुम्ही तिलाही ठेवून घेतलंत. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत की हे काय चाललंय, कुणासाठी चाललंय. मंगलचं नाव तर नाहीच. आणि ह्या चांगुलपणातसुद्धा तुम्ही तुमची जात सोडली नाहीत. सणसरची ती ओली बाळंतीण आठवते? तिच्या घशात खरंच चुकून काटा अडकला होता. घरी दोन महिन्यांचं पोर, छाती भरून आलेली, पदर भिजलेला, रडून रडून बेजार. तुम्ही तिलाही आठ दिवस सांगितलेत.

"सर, हिला घर बरं आहे," मी म्हणाले.

"तुला कसं कळलं?"

"मी विचारलं तिला."

तुम्ही गोंधळलात. तुमच्या चेहऱ्यावर तसं काही मी एकदाच बघितलं. पेशंटला विचारायचं असतं, हे तुम्हाला कधी सुचलंच नव्हतं. "मग सोड तिला," म्हणालात आणि पुढं म्हणालात, "इथून पुढं तू विचारत जा. मला नाही जमत."

ते माझ्याकडं आलेलं तुमचं एकमेव कबुलीपत्र. त्यावर मी जगले, खोटं का बोलू? लोणीला गेले की आई विचारायची, सोडत का न्हाईस ती नोकरी, दुसरीकडं कुठंबी मिळंल. मी म्हणायची, साहेब बरे आहेत. बरे कुठले. पण मला हात तुम्ही दिलात. आज कुठल्याही डॉक्टरनं भिंगाला डोळा लावावा आणि मी शेजारी उभी राहावी, त्याला माझ्यावर नजर ठेवावी लागणार नाही. हे तुम्ही केलंत. कोपर मारून केलंत, पण केलंत.

आता कालचं सांगते, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

काल दुपारी मंगलचा नवरा आला. हातात हार होता. तुमच्या फोटोला घातला, डोळे मिटून उभा राहिला. मॅडम, तुमच्या मिसेस, फोटोशेजारी बसल्या होत्या; त्यांना म्हणाला, "आमच्या पहिलीसाठी डाक्टरांनी लई केलं. देवमाणूस." मॅडमनी डोळे पुसले. त्याच्या मागं त्याची दुसरी बायको उभी होती. एकोणीस-वीसची असेल. पदर मनगटापर्यंत ओढलेला, त्यामुळं अंगावर काही आहे की नाही ते मला दिसलं नाही. तो माणूस सुधारला असेल, मला काय ठाऊक? तो मॅडमशी बोलत बसला, तेव्हा मी तिला पाणी द्यायच्या निमित्तानं आत बोलावलं.

"नाव काय गं?"

"सारिका."

"बारामतीला येणं होतं का?"

"कवातरी. हे आणत्यात."

ग्लास तिच्या हातात होता. बाहेर तो तुमची स्तुती करत होता, ती इथवर ऐकू येत होती. मी तिच्या अगदी जवळ गेले.

"ऐक. कधी पोटात दुखलं तर इथं यायचं. आणि काही गिळायचं नाही. पिन नाही, सुई नाही, काहीच नाही. नुसतं दुखतंय म्हणायचं. बाकीचं आमी बघू."

ती वेड्यासारखी माझ्याकडं बघेल, कशाला गिळीन मी, असं म्हणेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं दाराकडं एकदा बघितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "किती दिस ठेवत्यात?"

"आठ," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि बाहेर गेली.

डॉक्टर, तुमचा पुतण्या पुढच्या सोमवारी पुण्याहून येतोय, दवाखाना तोच चालवणार. हुशार आहे म्हणतात. त्याचा हात कसा आहे ते मी यथावकाश बघेन. खोटं बोलता येतं का, ते मात्र त्याला पहिल्याच दिवशी विचारणार आहे.